बँक अडचणीत आली, तुमच्या ठेवीचे काय?

पोटाला चिमटा काढून जमवलेला पैसा बँकेत ठेवला की आपण निश्चिंत होतो. पण बँकच अडचणीत आली तर? अशा वेळी कोणाचे पैसे वाचतात, कोणाचे अडकतात आणि घरातल्या कर्त्या माणसांनी आधीच कोणती काळजी घ्यायला हवी, याची ही सविस्तर माहिती.

२४ सप्टेंबर २०१९. नवरात्र चार-पाच दिवसांवर आले होते. त्या दिवशी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या, म्हणजे पीएमसी बँकेच्या ग्राहकांच्या मोबाइलवर संदेश येऊन थडकला. रिझर्व्ह बँकेने बँकेवर सहा महिन्यांसाठी निर्बंध घातले आहेत आणि या काळात प्रत्येक खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील! खात्यात दहा हजार असोत की दहा लाख, मिळणार एक हजार. बघता बघता शाखांसमोर गर्दी जमली. कोणाच्या मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती, कोणाच्या घरी आजारपण होते, कोणाचे निवृत्तीचे सगळे पैसे याच एका बँकेत होते. गृहनिर्माण सोसायट्या आणि गुरुद्वारे यांच्याही ठेवी तिथे होत्या. बँकेच्या शाखा महाराष्ट्राबरोबरच दिल्ली, कर्नाटक, गुजरात, गोवा अशा राज्यांत पसरलेल्या असल्याने हा घोर एकट्या मुंबईचा नव्हता.

पैसे काढण्याची मर्यादा पुढे वाढत गेली. आधी दहा हजार, मग पंचवीस हजार, चाळीस हजार, पन्नास हजार आणि जून २०२० मध्ये एक लाख. पण बँकेचा गाडा रुळावर यायला जानेवारी २०२२ उजाडला. त्या महिन्यात पीएमसी बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतचे पैसे देण्याची सोय झाली. त्याहून मोठ्या ठेवी असलेल्यांना मात्र उरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने मिळणार होती, आणि त्यातला शेवटचा टप्पा होता दहा वर्षांनंतरचा. सत्तरीतल्या ठेवीदाराला दहा वर्षांचा वायदा! ऑक्टोबर २०१९ मध्ये तर ठेवीदारांच्या आंदोलनातून घरी परतलेल्या एका गृहस्थाचा हृदयविकाराने मृत्यू झाल्याची बातमी आली आणि सगळेच हळहळले.

अशी वेळ आली की सगळे एकच प्रश्न विचारतात, “आता काय करायचे?” खरे सांगायचे तर त्या दिवशी करण्यासारखे फार थोडे उरलेले असते. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. जे करायचे ते आधी, बँक व्यवस्थित चालू असताना, शांत डोक्याने करायचे असते.

पैसा तिजोरीत नसतो

आपण बँकेत ठेवलेले पैसे बँकेच्या तिजोरीत आपल्या नावाच्या पुडक्यात बांधून ठेवलेले असतात, असे पुष्कळांना मनातून वाटते. तसे ते नसतात. आपली ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेले कर्जच. बँक त्यातला काही भाग नियमाप्रमाणे रिझर्व्ह बँकेकडे आणि सरकारी रोख्यांत ठेवते, आणि बराचसा भाग घर बांधणाऱ्याला, कारखानदाराला, दुकानदाराला कर्जाऊ देते. त्या कर्जावरचे व्याज येते म्हणून आपल्याला व्याज मिळते.

याचाच अर्थ असा, की सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागायला आले तर चांगल्या बँकेचीही तारांबळ उडते. एप्रिल २००३ मध्ये गुजरातमध्ये आयसीआयसीआय बँकेबद्दल अफवा पसरली आणि लोकांनी एटीएमसमोर रांगा लावल्या. बँक बुडालेली नव्हती. रिझर्व्ह बँकेने तसा खुलासा केला, रोकड पुरवली गेली, मागणाऱ्याला पैसे मिळत गेले आणि गर्दी ओसरली. अफवेवर धावत सुटलेल्या लोकांच्या पदरात रांगेतल्या मनस्तापाशिवाय काहीच पडले नाही.

पण प्रत्येक वेळी अफवाच असते असेही नाही. १९६० साली केरळमधली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक अशा दोन बँका बुडाल्या. साध्या माणसांचा पैसा गेला, बँकांवरचा विश्वास डळमळला. त्यातूनच ठेव विम्याचा कायदा १९६१ साली झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून आपल्या देशात बँकेतल्या ठेवींना विम्याचे संरक्षण मिळू लागले. त्या वेळची मर्यादा किती होती, ठाऊक आहे? माणशी दीड हजार रुपये! ती वाढत वाढत १९९३ मध्ये एक लाखावर पोहोचली आणि पुढे सत्तावीस वर्षे तिथेच थांबली. पीएमसीच्या प्रकरणानंतर, ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख रुपये झाली.

पाच लाखांचे कवच, पण कसे?

हा विमा ठेव विमा आणि पत हमी महामंडळ देते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला डीआयसीजीसी म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या मालकीची ही संस्था आहे. विम्याचा हप्ता बँक भरते. ठेवीदाराला त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही आणि कोणता अर्जही करावा लागत नाही. सरकारी बँका, खासगी बँका, परदेशी बँकांच्या भारतातल्या शाखा, ग्रामीण बँका, स्मॉल फायनान्स बँका, पेमेंट्स बँका आणि सहकारी बँका या सगळ्यांच्या ठेवी या विम्यात येतात. बचत खाते, चालू खाते, मुदत ठेव, आवर्ती ठेव, सगळे आले.

मात्र या पाच लाखांचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा, कारण पुष्कळांची गफलत इथेच होते.

पहिली गोष्ट, ही मर्यादा प्रत्येक खात्याला नाही, तर एका बँकेतल्या एका ठेवीदाराला आहे. एकाच बँकेच्या दादर शाखेत तीन लाख आणि ठाणे शाखेत चार लाख ठेवले म्हणजे दोन्ही सुरक्षित झाले, असे होत नाही. दोन्हींची बेरीज सात लाख होते आणि विमा पाच लाखांचाच मिळतो. तुमच्या एकट्याच्या मालकीचा व्यवसाय असेल आणि दुकानाच्या नावाने त्याच बँकेत खाते असेल, तर तेही तुमच्या वैयक्तिक खात्यात मिळवले जाते. बँक वेगळी असेल तर मात्र तिथे पाच लाखांची मर्यादा नव्याने मिळते.

दुसरी गोष्ट, पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. समजा, तुम्ही साडेचार लाख रुपये तीन वर्षांसाठी सात टक्क्यांनी चक्रवाढ व्याजाच्या ठेवीत ठेवले. मुदत संपताना रक्कम साडेपाच लाखांच्या वर जाते, म्हणजे शेवटी शेवटी पन्नास हजारांहून जास्त रक्कम उघडी पडते. तेच चार लाख ठेवले तर तीन वर्षांनी साधारण चार लाख ब्याण्णव हजार होतात आणि सगळी रक्कम कवचात राहते. ठेवीची पावती करताना एवढा हिशेब कागदावर मांडून पाहा.

तिसरी गोष्ट संयुक्त खात्याची. एकट्याच्या नावावरचे खाते आणि दोघांच्या नावावरचे खाते विम्यासाठी वेगवेगळे धरतात. इतकेच काय, पहिले नाव पतीचे आणि दुसरे पत्नीचे असलेले खाते, आणि पहिले नाव पत्नीचे व दुसरे पतीचे असलेले खाते, हीदेखील वेगळी धरली जातात. म्हणजे एकाच बँकेत पतीच्या नावावर, पत्नीच्या नावावर आणि दोघांच्या नावांचा क्रम बदलून दोन संयुक्त खात्यांत, असे मिळून एका दांपत्याला वीस लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू शकते.

चौथी गोष्ट, त्याच बँकेचे कर्ज तुमच्या अंगावर असेल तर बँक ते ठेवीतून वळते करून घेऊ शकते. उरलेल्या रकमेवर विम्याचा हिशेब होतो.

पैसे मिळणार, पण कधी?

पूर्वीची मोठी रड ही होती, की विम्याचे पैसे बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात निघाल्यावरच मिळायचे. बँकेवर निर्बंध लागले, पण परवाना रद्द झाला नाही, अशा त्रिशंकू अवस्थेत ठेवीदार वर्षानुवर्षे लटकत राहायचे. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि बँक कायमची बंद झाली ती सप्टेंबर २०२२ मध्ये. मधल्या नऊ वर्षांत किती लग्ने, किती आजारपणे, किती शिक्षणे झाली असतील, याचा विचार करा!

१ सप्टेंबर २०२१ पासून कायदा बदलला. आता बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले, की ९० दिवसांत ठेवीदाराला विम्याची रक्कम मिळावी अशी तरतूद आहे. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची आणि दाव्यांची यादी महामंडळाला द्यायची, पुढच्या ४५ दिवसांत महामंडळाने ती तपासून पैसे चुकते करायचे. बँकेचे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण करण्याची शक्यता असेल तर ही मुदत आणखी ९० दिवसांनी लांबू शकते.

म्हणून पुढचा धडा असा. विमा असला तरी तीन महिने, क्वचित सहा महिने, हातात पैसा येणार नाही हे धरून चालावे. वीस लाखांचे संरक्षण एकाच बँकेत मिळते म्हणून सगळे तिथेच ठेवले, तर पैसा बुडणार नाही हे खरे, पण किराणा, वीजबिल आणि औषधे तीन महिने थांबत नाहीत. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला एक रुपयाही काढण्याची परवानगी नव्हती. १२२ कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला. दोन आठवड्यांनी प्रत्येकी पंचवीस हजार काढायला मुभा मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवीदारांचा जीव भांड्यात पडला. पण ते पहिले दोन आठवडे ज्यांचे दुसरे खातेच नव्हते, त्यांनी ते कसे काढले असतील, हे त्यांनाच ठाऊक.

जे ‘बँकेसारखे’ असते, पण बँक नसते

कॉलनीच्या कोपऱ्यावरची पतसंस्था, नातेवाइकांनी सुचवलेली सहकारी क्रेडिट सोसायटी, फायनान्स कंपनीची मुदत ठेव. कार्यालय छान, माणसे ओळखीची, व्याज एक-दोन टक्के जास्त. पण यांपैकी कशालाही पाच लाखांचा हा ठेव विमा नाही. पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रणही नसते. त्या राज्याच्या सहकार खात्याकडे नोंदलेल्या असतात, तर अनेक राज्यांत काम करणाऱ्या सोसायट्या केंद्रीय निबंधकाकडे. काही सोसायट्या नावात ‘बँक’ हा शब्द वापरतात आणि सभासद नसलेल्यांकडूनही ठेवी घेतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे दिला होता. चांगल्या पतसंस्था नाहीत असे मुळीच नाही. गावोगावी छोट्या व्यावसायिकांना त्यांचाच आधार असतो. परंतु तिथे ठेवायचे तर जेवढे अडकले तरी घर अडणार नाही तेवढेच ठेवावे.

दुसरा फसवा प्रकार बँकेच्या आतच असतो. बँकेच्या काउंटरवर विकले जाते ते सगळे बँकेची ठेव नसते. म्युच्युअल फंड, विमा पॉलिसी, रोखे, सहकारी बँकेचे भाग, यांना ठेव विम्याचे संरक्षण नाही. येस बँकेचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. ५ मार्च २०२० रोजी या बँकेवर निर्बंध आले, पन्नास हजारांची मर्यादा आली. स्टेट बँक आणि इतर बँकांनी भांडवल घातले आणि १८ मार्चला निर्बंध उठलेसुद्धा. ठेवीदारांचे पैसे शाबूत राहिले. पण त्याच बँकेचे ‘अतिरिक्त टिअर वन’ या प्रकारचे ८,४१५ कोटी रुपयांचे रोखे शून्य करण्यात आले. ते घेणाऱ्यांत मुदत ठेवीसारखेच सुरक्षित आहेत असे समजून पैसे गुंतवलेली साधी माणसेही होती. त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. तेव्हा सही करण्यापूर्वी बँकेतल्या माणसाला एकच सरळ प्रश्न विचारा, “ही तुमच्या बँकेची ठेव आहे का, आणि तिला डीआयसीजीसीचा विमा आहे का?” उत्तर हो किंवा नाही असेच हवे. त्याने फाटे फोडले तर तिथेच उठावे.

लॉकरचेही तसेच. लॉकरमध्ये काय आहे ते बँकेला माहीत नसते, त्यामुळे त्यातल्या ऐवजाचा विमा बँक काढत नाही. जानेवारी २०२२ पासूनच्या नियमानुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. भाडे दोन हजार असेल तर दोन लाख. आजीच्या पाटल्या-बांगड्यांची किंमत त्याहून कितीतरी जास्त असू शकते.

बँकेची तब्येत कशी ओळखावी?

डॉक्टर नाडी पाहतो तशी बँकेचीही थोडीफार नाडी आपल्याला पाहता येते. वार्षिक अहवाल हा त्याचा मार्ग. सहकारी बँकेचे सभासद असाल तर तो मागण्याचा तुम्हाला हक्कच आहे. त्यात थकीत कर्जांचे प्रमाण किती आणि ते वर्षागणिक वाढते आहे का, ते पाहा. भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण खाली येत आहे का, ते पाहा. लेखापरीक्षकांनी काय शेरे मारले आहेत, ते वाचा. रिझर्व्ह बँकेने वारंवार दंड केला आहे का, सर्वसाधारण सभा लांबणीवर पडते आहे का, मोठे अधिकारी किंवा संचालक एकापाठोपाठ एक राजीनामे देत आहेत का, याकडे लक्ष ठेवा. आणि आसपासच्या सगळ्या बँकांपेक्षा एखादी बँक बरेच जास्त व्याज देत असेल, तर आनंद होण्याआधी शंका यायला हवी. ज्याला दुसरीकडून स्वस्तात पैसा मिळत नाही, तोच महागात घ्यायला तयार होतो.

पण एवढे करूनही खात्री होते का? नाही. पीएमसी बँकेचे कागद वरवर ठीकठाकच दिसत होते. थकीत कर्जे चार टक्क्यांच्या आत दाखवली होती. प्रत्यक्षात बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेले होते, आणि ते लपवायला एकवीस हजारांहून जास्त बनावट खाती दाखवल्याचे तपासात पुढे आले. जिथे तपासनीसांना पत्ता लागला नाही, तिथे पासबुक भरायला गेलेल्या गृहिणीला तो कसा लागणार?

म्हणूनच बँकेची पारख करावीच, पण सगळी भिस्त त्या पारखीवर ठेवू नये. आपला अंदाज चुकला तरी घर उघड्यावर पडणार नाही, अशी पैशाची वाटणी करून ठेवावी. विश्वास तर पानिपतात गेला, असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत!

वाटणी कशी करावी?

घरखर्चाचे चार-सहा महिन्यांचे पैसे दोन वेगळ्या बँकांत ठेवावेत. त्यातली एक मोठी सरकारी किंवा मोठी खासगी बँक असावी. स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या तीन बँकांना रिझर्व्ह बँकेने देशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या बँका ठरवून त्यांच्यावर जादा भांडवल राखण्याची अट घातलेली आहे. दुसरे खाते घराजवळच्या, तुमच्या सोयीच्या बँकेत असायला हरकत नाही. पगार किंवा पेन्शन एका बँकेत येत असेल, तर दरमहा थोडी रक्कम दुसऱ्या खात्यात आपोआप जाईल अशी व्यवस्था करून टाका.

मुदत ठेवी एका बँकेत एका नावावर चार लाखांच्या आसपास थांबवाव्यात. त्याहून जास्त असेल तर बँक बदला किंवा खात्याचे स्वरूप बदला.

मोठी रक्कम असेल तर सरकारी योजनांचा विचार अवश्य करावा, कारण पोस्टातल्या अल्पबचत योजनांमागे थेट केंद्र सरकारची हमी असते. साठी ओलांडलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिची मर्यादा एप्रिल २०२३ पासून तीस लाख रुपये झाली. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत एकट्याला नऊ लाख आणि संयुक्त खात्यात पंधरा लाख ठेवता येतात. त्यांची मुदत, व्याजाचा दर आणि मुदतीआधी मोडल्यास होणारी कपात हे मात्र खाते उघडताना विचारून घ्यावे.

समजा, निवृत्त झालेल्या एका दांपत्याकडे तीस लाख रुपये आहेत. त्यांनी चौदा लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले, दोन बँकांत मिळून चार-चार लाखांच्या तीन ठेवी वेगवेगळ्या नावांनी केल्या आणि उरलेले चार लाख दोन बचत खात्यांत ठेवले, असे धरू. मात्र जिथे एकट्याच्या नावाची ठेव आहे, तिथले बचत खाते दोघांच्या नावाचे हवे, नाहीतर बेरीज पाच लाखांच्या वर जायची. अशी मांडणी केली तर एखाद्या बँकेला उद्या टाळे लागले तरी पोस्टाचे व्याज चालू राहील, दुसऱ्या बँकेतून औषधे येतील आणि अडकलेले पैसे विम्यातून परत मिळतील. त्यांची रात्रीची झोप उडणार नाही.

आणि पैसा घरातच ठेवला तर? कपाटातल्या रोख रकमेवर व्याज नाही, विमा नाही, चोराचे भय आहेच. शिवाय ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटांचे काय झाले, ते कोणत्या गृहिणीला आठवत नाही? आठवडा-पंधरवड्याच्या खर्चापुरती रोकड घरात असावी, त्यापलीकडे नको.

अर्थात वाटणीचाही अतिरेक नको. दहा बँकांत दहा खाती काढली आणि पुढे कुठे काय आहे तेच विसरले, असेही घडते. दहा वर्षे हात न लावलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत जमा होते. ती वारसांना परत मागता येते आणि शोधण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळही आहे. पण एवढा खटाटोप मुलांच्या माथी मारायचा कशाला? दोन-तीन बँका आणि पोस्ट, मध्यमवर्गीय कुटुंबाला एवढे पुरते.

निर्बंध आलेच तर

ज्यांची बँक अडचणीत आलीच, त्यांनी पुढची पथ्ये पाळावीत.

• आधी रिझर्व्ह बँकेचे मूळ निवेदन वाचावे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरावर विसंबू नये आणि तो पुढेही ढकलू नये.

• त्या खात्यातून जाणारे कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते, वीजबिल लगेच दुसऱ्या खात्याकडे वळवावेत, नाहीतर हप्ता चुकल्याचा भुर्दंड वेगळा. पगार, पेन्शन, गॅसचे अनुदान येण्याचे खातेही बदलून घ्यावे.

• त्याच बँकेचे कर्ज असेल तर मनानेच हप्ते थांबवू नयेत. ठेवीतून वळते करण्याबद्दल शाखेत लेखी विचारावे.

• केवायसीचे कागद पूर्ण करावेत. विम्याच्या दाव्याचा संमतीपत्राचा अर्ज आणि पैसे जमा करण्यासाठी दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील मुदतीत द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. कागद अपुरे म्हणून पैसे रखडण्याची वेळ येऊ देऊ नये.

• “तुमचे पैसे लवकर सोडवून देतो” म्हणणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये. विम्याच्या दाव्यासाठी कोणतेही शुल्क नसते. फोनवर ओटीपी मागणारा तर हमखास ठग समजावा.

• घाबरून सावकाराकडून किंवा मोबाइल अॅपवरून महागडे कर्ज काढू नये. नातेवाईक, नोकरीच्या ठिकाणची उचल, पोस्टातली ठेव हे मार्ग आधी पाहावेत.

घरात सगळ्यांना माहीत हवे

एक शेवटचा मुद्दा, आणि कदाचित सगळ्यांत महत्त्वाचा. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत पैशाचे सगळे व्यवहार एकाच माणसाच्या डोक्यात असतात. ठेवींच्या पावत्या कुठे आहेत, कोणत्या बँकेत कोणाच्या नावाने किती आहे, हे पत्नीला किंवा मोठ्या मुलांना ठाऊक नसते. बँक अडचणीत येणे हे एक संकट, पण घरातला तो माणूसच अचानक गेला तर चांगल्या बँकेतला पैसाही तितकाच अडकून पडतो.

म्हणून प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन केलेले आहे ना, ते तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार जणांपर्यंत नावे देता येतात आणि कोणाला किती टक्के, तेही नमूद करता येते. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून पैसे स्वीकारते, पण त्यामुळे इतर वारसांचा हक्क संपत नाही. तेव्हा मोठी रक्कम असेल तर मृत्युपत्रही करून ठेवावे.

एका साध्या वहीत बँकेचे नाव, शाखा, खाते कोणाच्या नावाने, ठेवीची रक्कम, मुदत संपण्याची तारीख आणि नामनिर्देशन एवढे लिहा. पासवर्ड आणि पिन मात्र त्यात लिहू नका. प्रत्येक बँकेपुढे प्रत्येकाच्या नावाची बेरीज मांडा आणि पाच लाखांच्या वर जाणाऱ्या आकड्यांखाली लाल रेघ ओढा. पुढची मुदत संपेल तेव्हा त्या ठेवीचे काय करायचे, ते आजच दोघांनी मिळून ठरवा. अर्ध्या तासाचे काम आहे. पावतीची मुदत कधी संपते ते आपल्याला माहीत असते, बँकेवर निर्बंध कधी येतील ते कोणालाच माहीत नसते.